श्वास रोखलेल्या बत्तीस मात्रा

ट्यूबा या अवाढव्य पितळी वाद्याच्या माउथपीसचं वजन दीडशे ग्रॅम भरतं. संबंध ट्यूबाचं दहा किलो.

*

यकृताला दोन घरांतून डबा येतो. एक धमनीतून, दुसरा आतड्यांकडून येणाऱ्या जाड शिरेतून. एका घरचा डबा बंद झाला तरी ते उपाशी राहत नाही. इतर अवयवांचे एवढे लाड कुणी केलेले नाहीत.

*

बँडच्या ग्रुपवर आलेला निरोप: ‘सतरा मे, सकाळी साडेनऊ, शाळेचं पटांगण. गेल्या वर्षी ज्यांनी टोपी हरवली त्यांनी ती स्वतःच शोधावी. बास, म्हणजे ट्यूबा: आइलिव्ह. दुसरं कुणी नाही, कारण दुसरं कुणी नाहीच.’

*

जिलेटिनचा स्पंज पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. पांढरा, हलका, बेचव. बेचव हे खात्रीनं सांगते, कारण हाल्डिसनं एकदा चाखून पाहिला आहे.

*

पोटात सुई टोचलेला माणूस ‘खांदा दुखतोय’ म्हणाला, तर खांद्याकडे बघत बसायचं नसतं.

*

मिरवणुकीची चाल: मिनिटाला एकशे बारा पावलं.

*

आता बुधवार, सहा मे.

मी रानवेइग. आमच्या रुग्णालयात तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे मी परिचारिका आहे. त्या खोलीत रक्तवाहिन्यांच्या आतून कामं चालतात: तुंबलेलं मोकळं करायचं, गळणारं बंद करायचं. खोलीची मालकीण म्हणजे हाल्डिस. वय अठ्ठावन्न, रेडिओलॉजिस्ट, चष्मा सदैव डोक्यावर आणि सदैव हरवलेला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी मी गावच्या बँडमध्ये ट्रम्पेटसारखं कॉर्नेट वाजवते, तिसऱ्या रांगेत. त्या रांगेच्या मागे आइलिव्ह बसतो.

आइलिव्ह अडुसष्ट वर्षांचा आहे. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत चाळीस वर्षं काढून निवृत्त झाला, आणि चव्वेचाळीस वर्षं बँडमध्ये ट्यूबा वाजवतोय. सतरा मेची, म्हणजे राष्ट्रदिनाची, एकही मिरवणूक त्याची चुकलेली नाही. एका वर्षी पायाला प्लास्टर होतं, एका वर्षी सकाळी बायकोला मुलगी झाली होती, तरी हा रांगेत होता. बासवाला दुसरा एक जण होता, तो मुलीकडे उत्तरेला राहायला गेला. बास नसला तर बँड वाजतो, पण तरंगत वाजतो. पायांना कळत नाही कधी पडायचं.

वसंतात त्याच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे तिपटीनं वाढलेले निघाले.

“सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी तळघरात भट्टी लावलीय,” तो मला तालमीच्या मधल्या सुट्टीत म्हणाला होता. “नाताळला एक ग्लास घेतो गं. तोही मेहुणा आला तर.”

कारण सापडेना म्हणून लिव्हर बायोप्सी ठरली. सकाळी साडेनऊला हाल्डिसनं सोनोग्राफीत बघत बघत, उजव्या बाजूच्या बरगड्यांमधून सुई घातली आणि यकृताचा काडेपेटीतल्या काडीएवढा तुकडा काढला. मिनिटभराचं काम. ज्यांचं रक्त गोठायला वेळ लागतो, त्यांच्या बाबतीत ती सुई काढता काढता मागच्या भोकात तोच जिलेटिनचा स्पंज भरून येते, बाटलीला बूच लावावं तसा. आइलिव्हचं रक्त उत्तम गोठत होतं. बूच लावलं नाही.

त्यानं एकच प्रश्न विचारला. “सतराला वाजवता येईल ना?”

“आठवडाभर जड उचलू नकोस. मग ये वाजवायला,” हाल्डिस म्हणाली.

त्याला वॉर्डात नेलं. हातात सूचनांचा कागद दिला. दोन तास उजव्या कुशीवर पडून राहणे. उठणे नाही. काहीही जड उचलणे नाही. दुखल्यास घंटी वाजवणे. त्यानं सगळं नीट वाचून खाली सही केली. इंजिनखोलीतला माणूस, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

*

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यानं घंटी वाजवली. उजवा खांदा दुखत होता.

वॉर्डातल्या परिचारिकेनं खांद्याकडे बघितलं नाही. रक्तदाब पाहिला, वरचा ब्याण्णव. नाडी एकशे बारा. सोनोग्राफीत यकृताभोवती काळी कड दिसली, म्हणजे रक्त. सीटी स्कॅनमध्ये त्या काळ्यात एक फिकट पांढरा डाग, म्हणजे अजून गळतंय. रक्ताची एक पिशवी चढायला लागली आणि एकला पाच कमी असताना आइलिव्ह माझ्या खोलीत ढकलगाडीवरून आला. चेहरा पिठासारखा पांढरा.

फक्त ओठांभोवती एक लाल वर्तुळ.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं छताकडे बघितलं.

“आइलिव्ह, तोंडाला काय झालंय?”

“कुठे काय.”

“गोल उमटलंय.”

“कॉफीच्या कपाचं असेल.”

“तुला सकाळपासून कॉफी मिळालेली नाही.”

“तीही एक तक्रार आहेच माझी.”

ते वर्तुळ पितळी वाद्य वाजवणारा कुणीही दहा हातांवरून ओळखेल. कॉर्नेटचं छोटं उमटतं, ट्यूबाचं छोट्या कपाच्या तोंडाएवढं. मी त्याच्या रुग्णालयाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. माउथपीस निघाला. अजून कोमट होता.

“तू फुंकलास!”

“कागदावर लिहिलंय जड उचलायचं नाही. दीडशे ग्रॅम जड असतं का? उचललाही नाही मी. खिशातच होता, माझा नेहमीच असतो.”

“किती वेळ?”

“मिरवणुकीतली दुसरी मार्च-धून. आणि तिसरीचा शेवट, तो कच्चा आहे.” मग छताकडेच बघत, “पांघरुणाखाली. अगदी हळू. शेजारच्या खाटेवरच्याला वाटलं माझं पोट बिघडलंय. त्यानं खिडकी उघडली.”

मागे हाल्डिस शिशाचा एप्रन चढवत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“फुंकल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “हजारात दोघातिघांना हे होतंच. पण फुंकल्यानं फायदा झाला नाही, एवढं नक्की सांगते.”

*

दार उघडलं आणि त्रुल्स आत आला. तो सर्जन. चाळिशीचा, उंच, घाईत नसतानाही घाईत दिसणारा. सर्जन चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

“वरची खोली तयार ठेवलीय,” तो म्हणाला. “पोट उघडतो, दाबतो, टाके घालतो. तासाभरात संपतं.”

“मला चाळीस मिनिटं दे,” हाल्डिस म्हणाली. “मनगटातून जाते. दोन मिलिमीटरचं भोक.”

“आणि जमलं नाही तर?”

“तर तू आहेसच.”

“रक्तदाब ऐंशीच्या खाली गेला तर मी विचारत बसणार नाही.”

“नकोच विचारूस. तोवर त्या कोपऱ्यात उभा राहा, तिथे तू कुणाच्या पायात येत नाहीस.”

“अरे,” टेबलावरून आइलिव्ह म्हणाला. फक्त मनगट बधिर करणार होतो आम्ही, त्यामुळे तो पूर्ण जागा होता. “मी इथेच आहे. पोट उघडलंत तर सतराचं काय?”

त्रुल्स त्याच्याजवळ गेला. “पोट उघडलं तर सहा आठवडे ट्यूबा नाही. शिंकसुद्धा जपून.”

“आणि हिनं केलं तर?”

“हिनं केलं तर हिला विचार.”

आइलिव्हनं मान वळवली. “हाल्डिस, तू कर.”

मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजून चार मिनिटं.

*

माझं काम:

कात्री घ्यायची. तिकिटाएवढ्या स्पंजाचे उभे काप, मग आडवे, मग इतके बारीक की चिमटीत येऊ नयेत. ते एका सिरिंजमध्ये घालायचे. दुसऱ्या सिरिंजमध्ये एक्स-रेत दिसणारं औषध. दोन्हींची तोंडं जोडायची आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलायचं, वीस वेळा. रव्याच्या पातळ खिरीसारखं झालं की झालं. गुठळी राहिली तर नळी तुंबते आणि हाल्डिस काही बोलत नाही. तिचं न बोलणं मला दोन दिवस पुरतं.

हाल्डिसचं काम:

डाव्या मनगटात नळी. नळीतून तार. तार दंडातून, खांद्यातून, मोठ्या धमनीत खाली. तिथून उजवीकडे यकृताच्या धमनीत. तारेवरून दुसरी नळी, तिच्या आत आणखी बारीक, शेवयांसारखी. सगळं पडद्यावर बघत. तिची बोटं एवढी कमी हलतात की नव्या माणसाला वाटावं ती थांबून राहिलीय.

आइलिव्हचं काम:

पडून राहणे.

“पेंग आली तर चालेल का?” त्यानं विचारलं.

“नाही,” आम्ही तिघंही म्हणालो.

*

पहिला फोटो काढायचा म्हणजे नळीतून औषध सोडायचं आणि ते वाहताना चित्र टिपत राहायचं. तेवढा वेळ रुग्णानं श्वास रोखायचा, नाहीतर यकृत खालीवर होतं आणि सगळं चित्र फिसकटतं.

“श्वास घे. रोख.”

पडद्यावर झाड उगवलं. बुंधा, फांद्या, डहाळ्या. हिवाळ्यातल्या बर्चसारखं निष्पर्ण. दहाव्या सेकंदाला आइलिव्ह कण्हला, श्वास सुटला, झाड हललं आणि पुसलं गेलं.

“काही नाही दिसलं,” हाल्डिस म्हणाली.

“सीटीत दिसत होतं,” कोपऱ्यातून त्रुल्स.

“सीटीत जागा दिसली. त्या जागेजवळून तीन डहाळ्या जातात. गळते ती एक.”

“तिन्ही बंद कर.”

“आधीच सुजलेलं यकृत आहे. मुठीएवढ्या भागाचा एक डबा उगाच का बंद करू? मला ती एक पाहिजे. हळू गळतंय, उशिरा दिसेल. दहा सेकंदांत नाही दिसणार. मला सोळा-सतरा हवीत, जराही न हलता.”

“अशा दुखण्यात सतरा सेकंद कोण थांबणार?” त्रुल्स म्हणाला. तो टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. रक्तदाब अठ्ठ्याऐंशी. घड्याळात एक बावीस.

“सतरा सेकंद म्हणजे किती मात्रा?” आइलिव्हनं विचारलं.

कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मॉनिटर एकशे बारानं टिकटिकत होता. मिरवणुकीची चाल नेमकी.

“बत्तीस,” मी म्हणाले. “मॉनिटर ऐक. तीच चाल आहे.”

तो ऐकत राहिला. “हो की. बत्तीस मात्रांची विश्रांती म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या मार्चमध्ये अठ्ठेचाळीसची आहे.”

“पण फुंकायच्या तयारीत रोखायचं नाही,” हाल्डिस म्हणाली. “पोट घट्ट केलंस तर मीच तुला त्रुल्सच्या हवाली करीन. नुसतं थांबायचं. सैल.”

“हाल्डिस, मी चव्वेचाळीस वर्षं तेच करतोय. लोकांना वाटतं ट्यूबावाला वाजवतो. ट्यूबावाला बहुतेक वेळ थांबलेला असतो.”

“श्वास घे.”

त्यानं घेतला. तो श्वास मी तालमीत माझ्या मानेमागे शेकडो वेळा ऐकलाय. फेरीबोट धक्क्यावरून सुटावी तसा येतो.

“रोख.”

एक. दोन. औषध निघालं.

चार. बुंधा.

सात. फांद्या. आइलिव्हची तर्जनी टेबलावर हलकेच पडतेय, बाकी काही हलत नाही.

बारा. डहाळ्या भरल्या.

सोळा. त्रुल्स कोपऱ्यातून दोन पावलं पुढे.

एकोणीस. मागच्या वेळी इथे सुटला होता.

बावीस. झाड फिकट होऊ लागलं. काही नाही.

चोवीस. काही नाही.

सव्वीस. उजवीकडे खाली, मधल्या डहाळीच्या टोकाला, एक ठिपका.

अठ्ठावीस. झाड गेलं, ठिपका राहिला.

तीस. ठिपक्याला शेपूट फुटलं.

बत्तीस.

“सोड!” हाल्डिस म्हणाली. “मधली. ती बघ, मधली.”

आइलिव्हनं श्वास सोडला. “तेहतिसावर सुरू करायचं होतं,” तो म्हणाला. “बरोबर होतो ना?”

“बरोबर होतास,” मी म्हणाले.

*

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे, कारण चांगलं काम बघायला कंटाळवाणं असतं. शेवईएवढी नळी मधल्या डहाळीत गेली. मी खिरीची सिरिंज दिली. हाल्डिसनं थेंब थेंब सोडलं, थांबली, पुन्हा सोडलं. मग त्याच्या मागे प्लॅटिनमची एक बारीक तार. नळीत सरळ असते, बाहेर पडली की वेटोळं घालून बसते, मांजरासारखी. मग आणखी एक.

पुन्हा फोटो. या वेळी आइलिव्हला कुणी मात्रा सांगितल्या नाहीत, त्यानं स्वतःच धरल्या. झाड उगवलं, मधली डहाळी अर्ध्यातच संपली, झाड मावळलं. मागे काही उरलं नाही. कोरं.

एक वाजून एकेचाळीस.

“सदतीस मिनिटं,” त्रुल्स म्हणाला. त्यानं पडद्याजवळ येऊन ते दोनदा बघितलं. “सुंदर आहे गं हे, हाल्डिस.”

“तुझा चेहरा मात्र तसा नाही.”

“मी हात धुऊन तयार होतो. माणसाला जरा वाईट वाटतंच.”

मॉनिटर हळूहळू उतरत गेला. शंभर. शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. रक्तदाब एकशे आठ.

“हे काय,” आइलिव्ह डोळे मिटूनच म्हणाला. “आता कुणाची प्रेतयात्रा चाललीय? एवढ्या हळू चालीवर मी वाजवत नाही.”

“झोप,” हाल्डिस म्हणाली. चष्मा शोधायला लागली. डोक्यावर होता.

माउथपीस मी जप्त केला. पावती मागितली त्यानं. दिली.

*

आठवड्याभरानं तुकड्याचा निकाल आला. त्याच्या शरीराची स्वतःची फौज वाट चुकून त्याच्याच यकृताशी भांडत होती. गोळ्या आहेत त्यावर. त्या घेतल्या की फौज बराकीत परतते. नाताळचा ग्लासही चालेल म्हणाले, मेहुणा आला तर.

पंधरा तारखेला, शुक्रवारी, हाल्डिसनं पुन्हा सोनोग्राफी केली. काळी कड जवळजवळ विरली होती. आइलिव्ह टेबलावर पडून पडद्याकडे बघत होता, जसा तो बँडमास्तरच्या काठीकडे बघतो.

“तर?”

“फुंकता येईल,” ती म्हणाली. “दोन गाणी. दोनच.”

“आणि मिरवणूक?”

“दहा किलो गळ्यात अडकवून चर्चचा चढ चढणार? नाही. उचलणं बंद, आणखी पंधरा दिवस.”

“म्हणजे बसून?”

“बसून.”

“मिरवणुकीत बसून कोण असतं गं? तान्ही बाळं आणि महापौरांची आई.”

“मग तू तिसरा.”

तो उठून बसला आणि सदऱ्याची बटणं लावली. चव्वेचाळीस वर्षं रांगेतून चाललेल्या माणसाला पटांगणातल्या खुर्चीवर बसून दोन गाणी वाजवायची आणि बँड पुढे निघून जाताना बघायचं, हे मलाही बघवलं नसतं. मी दाराशी होते. दारातून त्रुल्स चालला होता, हेल्मेट हातात घेऊन. तो आपल्या जुळ्या मुलांना रोज बालवाडीत सोडतो, पुढे मोठा लाकडी खोका असलेल्या सायकलीवरून.

आइलिव्हनं आधी हेल्मेट बघितलं, मग त्रुल्सला.

“त्रुल्स! माझं पोट उघडायला मिळालं नाही म्हणून तुला अजून वाईट वाटतं का?”

त्रुल्स थांबला. “थोडंसं.”

“मग भरपाई करायची संधी देतो. तुझ्या खोक्यात किती वजन मावतं?”

“दोन मुलं, दप्तरं. एकदा वॉशिंग मशीन नेलं होतं.”

“वॉशिंग मशीनपेक्षा मी हलका आहे. ट्यूबासकट नसेन कदाचित.”

त्रुल्सनं हाल्डिसकडे बघितलं. हाल्डिसनं खांदे उडवले. “उचलतही नाही, चालतही नाही. माझी हरकत कशाला?”

*

सतरा मे, रविवार. पहाटे गारा पडल्या, नऊला ऊन. मुलांच्या तोंडाला सकाळपासून आइस्क्रीम, झेंड्यांच्या काठ्या एकमेकांच्या डोळ्यांत.

ट्यूबा आम्ही दोघींनी उचलून खोक्यात ठेवला, मी आणि ट्रॉम्बोनवाली. आइलिव्ह त्याच्यामागे उशीवर बसला; टोपी, सोनेरी गुंड्या आणि मांडीवर जुळ्यांची निळी गोधडी, कारण त्रुल्सच्या बायकोनं ती टाकलीच. मागे त्रुल्स, अंगात आजोबांचा बुनाद, म्हणजे सणाचा पारंपरिक पोशाख, चांदीची बटणं, विजार गुडघ्यापर्यंतच म्हणून साखळीत अडकत नव्हती.

“एकशे बारा,” आइलिव्ह त्याला म्हणाला. “पायडल डावं, पायडल उजवं. धावायचं नाही, रेंगाळायचं नाही.”

“मी सर्जन आहे.”

“आज ड्रायव्हर आहेस.”

शाळेच्या फाटकातून वळताना ढोल वाजला. मग आम्ही, मग मागून तो बास, खालून, रस्त्यातून वर यावा तसा. पाय आपोआप पडायला लागले. माझ्या मानेमागे फेरीबोट सुटली. मी वळून बघितलं नाही, कॉर्नेटवाल्यानं वळायचं नसतं, पण माझे सूर दोन-तीन ठिकाणी ओले झाले ते आजूबाजूच्यांनी ऐकलं असणार.

चर्चच्या चढावर त्रुल्स लालबुंद झाला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं टाळ्या बँडला आहेत, त्रुल्सला वाटत होतं त्याला आहेत.

दुसरं गाणं संपलं तिथे हाल्डिस फुटपाथवर उभी होती. एका हातात सॉसेज, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर. आइलिव्हनं ट्यूबा तोंडापासून दूर केला. टोपी काढून तिला नमस्कार केला, शहाण्यासारखा.

तिसरी मार्च सुरू झाली. आठ मात्रा आम्ही तरंगलो. मग मागून आवाज आला: “पोम. पोम. पोम-पोम-पोम.” खोक्यात बसून, पूर्ण गळ्यानं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या खर्जात. दोन पावलांत त्रुल्सनं साथ धरली, धापा टाकत, बेसूर.

हाल्डिस फुटपाथवरून आमच्याबरोबर चालत होती. “तोंडानं गाण्याबद्दल मी काही बोलले नव्हते,” ती मला म्हणाली आणि सॉसेजचा घास घेतला.

बायोप्सीची मूळ तारीख एकोणीस मे होती. मिरवणुकीआधी उरकून टाकावी म्हणून आइलिव्हनं एप्रिलमध्ये स्वतः फोन करून ती सहा तारखेवर आणून घेतली होती.